‘तडीपार’ : एका पुणेरी रॅपरचा पहिला गीतसंच

(दौंड आणि शिरूर येथील वसंत व्याख्यानांत दिलेले भाषण. दोन्ही ठिकाणी झालेल्या बोलण्यातला भाग एकत्र केला आहे.)



दौंडला ह्या व्याख्यानाचा फलक लागला तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत ‘तडीपार’ एवढेच लिहिलेले होते. वक्त्याचे नाव आणि वेळ खाली बारीक अक्षरांत. बाजारात जाणारे एक गृहस्थ फलकापुढे थांबले, चष्मा वर केला आणि शेजारच्याला म्हणाले, “ह्या वेळी कोणाला केलं?” फलक लिहिणाऱ्याने आम्हांला हे सांगितले तेव्हा आम्हांला बरे वाटले. व्याख्यानाच्या विषयाची अर्धी ओळख त्या गृहस्थांना आधीच होती. उरलेली अर्धी करून देण्यासाठी आम्ही उभे आहोत.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वैशाखाच्या उन्हाळ्यात संध्याकाळी जमून काहीतरी शहाणपणाचे ऐकावे ही आपल्याकडची रीत झाली. त्या व्यासपीठावर पुण्याच्या स्टेशनामागच्या वस्तीतील एका तरुणाच्या रॅपगीतांचा विषय आणणे हा आमचा आगाऊपणा आहे, असे काहींचे मत पडले. त्यांच्या मताचा आम्हांला राग नाही. त्यांनी तासभर बसून ऐकावे आणि मग ते मत ठेवावे किंवा टाकावे.

आधी शब्द घेऊ. तड म्हणजे तीर, काठ. काम तडीस गेले असे आपण म्हणतो, तेव्हा मनात नदी असते, नाव असते आणि पैलतीर असतो. तोच शब्द ‘तडीपार’मध्ये आहे, परंतु तडीस जाणारा आपल्या पायांनी जातो, आणि तडीपार होणाऱ्याला दुसऱ्याने पोहोचते केलेले असते. आमच्या दृष्टीने ह्या शब्दाचा अर्थ शिरूर आणि दौंड ह्या दोन गावांना जितका उघड्या डोळ्यांनी दिसतो तितका पुण्यामुंबईला दिसत नाही. शिरूरच्या लोकांनी घोडनदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. दौंडच्या लोकांनी भीमेचा पूल ओलांडला की श्रीगोंदे तालुका लागतो आणि जिल्हा बदलतो. पलीकडचा तो अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला, पण नदी होती तिथेच आहे. ज्याला पुणे जिल्ह्यातून काढले, त्याला ह्या गावांत अक्षरशः नदीच्या पार केले जाते. कोशातला अर्थ एस.टी.च्या एका तिकिटावर मोजता येतो अशी गावे फार थोडी.

(जाता जाता एक सांगतो. आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा तडीपार कोण, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही दुसऱ्या बाजीरावाचे नाव घेऊ. १८१८ साली इंग्रजांनी त्याला आठ लाखांची सालीना नेमणूक देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला नेऊन ठेवले आणि पुण्याला परतण्याची वाट बंद केली. कोरेगावच्या लढाईसाठी स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली ती ह्याच शिरूरच्या छावणीतून. म्हणजे शिरूरने तडीपारीचा कारभार फार वरच्या पातळीवर पाहिलेला आहे.)

आता कायदा. १९५१ चा पोलीस कायदा, जो तेव्हा मुंबई पोलीस कायदा होता आणि आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो, त्याच्या ५५ ते ५७ ह्या कलमांनी हा अधिकार दिलेला आहे. ह्यांतील ५६ वे कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. एखाद्या माणसाच्या वागण्याने लोकांना धोका आहे, आणि त्याच्या दहशतीमुळे साक्षीदार उघड पुढे यायला तयार नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले तर त्या माणसाला हद्दीबाहेर जाण्याचा हुकूम देता येतो. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. आधी नोटीस द्यावी लागते, आरोपांचे साधारण स्वरूप सांगावे लागते, म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हुकूम झाल्यावर तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येते. साक्षीदारांची नावे मात्र सांगितली जात नाहीत. हुकूम मोडून परत आला तर तो वेगळा गुन्हा.

हा कायदा निष्कारण आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या गल्लीत एका माणसाच्या भीतीने दुकानदार हप्ता देतो आणि पोलिसांत जात नाही, त्या गल्लीला ह्या कलमाचा आधार वाटतो, आणि तो खरा असतो. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की हा उपाय असाधारण आहे. माणसाच्या देशभर संचार करण्याच्या मूलभूत हक्काला तो हात घालतो, म्हणून तो जपून वापरला पाहिजे. त्या प्रकरणातला हुकूम न्यायालयाने रद्द केला. कायद्याचे दोन्ही काठ असे आहेत.

हे सगळे आम्ही कलमांतून शिकलो नाही. दौंडला आमच्या ओळखीचे एक घर आहे. घरातल्या थोरल्या मुलाला दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढले होते. तो कसा होता, हे आम्ही रंगवून सांगणार नाही, संत नव्हता. तो पलीकडे एका वीटभट्टीवर राहिला. त्याची आई दर आठवड्याला, शनिवारी, काष्टीच्या बाजाराच्या गर्दीतून भाकरी-कालवणाचा डबा घेऊन नदीपलीकडे जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. धाकटा भाऊ तेव्हा नववीत होता. शाळेत त्याला नावाने हाक मारणे बंद झाले होते. “ए तडीपार” म्हणत. हुकूम थोरल्यावर होता, नाव मात्र धाकट्याला लागले.

हा धाकटा मुलगा एकदा आमच्या घरी आला असता त्याने आपल्या मोबाईलवर आम्हांला एक नाव दाखवले. गीतसंचाचे नाव होते ‘तडीपार’. चेहऱ्यावर असा काही आनंद होता की आम्ही विचारले, “अरे, ह्यात हसण्यासारखं काय आहे?” तो म्हणाला, “सर, ह्यानं ते स्वतःच लावून घेतलंय. आता चिडवणार कसे?”

आमच्या व्याख्यानाचा जन्म ह्या वाक्यात आहे. बाकीचे आम्ही नंतर शोधले.

गायकाचे लौकिक नाव अल्ताफ शेख, जन्म १९९९ चा, पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतला. गाण्यातले नाव एम. सी. स्टॅन. ‘एम. सी.’ ही रॅपवाल्यांची पदवी आहे. मूळ अर्थ समारंभाचा सूत्रधार. लहानपणी तो कव्वाली गात असे. दौंडहून सकाळच्या गाडीने निघालेला माणूस पुणे स्टेशनात उतरला की ताडीवाला रस्ता स्टेशनाच्या पाठीशीच आहे; आपल्यापैकी शेकडो लोक रोज त्याला पाठ करून कचेरीकडे जातात. ‘ताडीवाला’मधली ताडी वेगळी आणि ‘तडीपार’मधली तडी वेगळी, हे सांगायला नको, पण कानाला ती दोन्ही बहिणी वाटतात. त्या वस्तीजवळून वाहणारी मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि दौंडवरून जाते. पुण्याचे काय काय आपल्याकडे वाहत येते, हे नदीकाठच्या लोकांना आम्ही काय सांगावे! हे गाणेही त्याच वाटेने आले असे समजा.

‘तडीपार’ हा त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम २०२० साली प्रसिद्ध झाला. स्टुडिओ अल्बम म्हणजे काय, हे वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस आणि एकतृतीयांश फेऱ्यांची मोठी तबकडी अमेरिकेत निघाली, तेव्हापासून एका कवीची किंवा गायकाची आठ-दहा गाणी एकत्र, एका विचाराने, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून बांधायची पद्धत पडली. जलशात गायलेली गाणी टिपून काढली तर तो वेगळा प्रकार. जुनी गाणी एकत्र केली तर तो संग्रह. आज तबकडी उरलेली नाही, गाणी फोनवर येतात, पण ‘माझा पहिला अल्बम’ म्हणण्यातला मान तोच राहिला आहे. आपल्याकडे तुलनेसाठी फार लांब जायला नको. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक ह्याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीते दिली. सुटी गाणी आणि एका सूत्रात ओवलेली गाणी ह्यांतला फरक मराठी कानांना तेव्हापासून चांगला ठाऊक आहे. (रामायणातही मुख्य गोष्ट एका हद्दपारीचीच आहे, हे आम्हांला दौंडच्या एका भगिनींनी व्याख्यानानंतर सुचवले. मुदत चौदा वर्षे, आणि अपील नाही.)

आणि रॅप? ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या जमैकाहून आलेल्या तरुणाने बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवल्या. गाण्यातला ज्या जागी नुसता ताल उरतो तेवढाच तुकडा तो दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवत असे, आणि त्यावर लोकांना उद्देशून बोलत असे. त्या तालावरच्या बोलण्याचे पुढे रॅप झाले. ज्यांच्याकडे वाद्ये विकत घ्यायला पैसे नव्हते त्यांनी दुसऱ्यांच्या तबकड्यांचे वाद्य केले, एवढे ध्यानात ठेवले तरी ह्या कलेचे मर्म कळते. हिंदुस्थानात ती १९९० नंतर गमतीचे गाणे म्हणून आली, आणि २०१५ च्या सुमारास मुंबईच्या गल्ल्यांतल्या मुलांनी ती स्वतःच्या जगण्याला लावली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला आणि मध्यमवर्गालाही हे कळले. अंधेरीचा विवियन फर्नांडिस, ज्याला ‘डिव्हाइन’ म्हणतात, त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाला. त्याचे नाव ‘कोहिनूर’. लगेच पुढच्या वर्षी पुण्याच्या मुलाने आपल्या अल्बमचे नाव ठेवले ‘तडीपार’. एकाने देशाबाहेर नेलेल्या हिऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने हद्दीबाहेर काढलेल्या माणसाचे. आम्हांला दुसऱ्याची निवड अधिक धाडसाची वाटते. हिऱ्याचे नाव घ्यायला कोणाची ना नसते.

गीतसंच आम्ही ऐकला. एकदा नव्हे, चार वेळा, आणि त्यातल्या दोन वेळा त्या मुलाला शेजारी बसवून, कारण पहिल्या खेपेला आम्हांला निम्मे शब्द लागले नाहीत. ताल म्हणून जे ऐकू येते त्याचा पाया जड, पोटात घुमणारा ठोका आहे. १९८० साली निघालेल्या ‘आठशेआठ’ नावाच्या जपानी ताल-यंत्राच्या आवाजातून तो आला. त्यावर अगदी बारीक, झरझर वाजणारी झांजेसारखी किणकिण. गळा मात्र पुष्कळदा माणसाचा वाटत नाही, धातूचा वाटतो. १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड ह्या अमेरिकन गृहस्थाने सूर दुरुस्त करणारी एक युक्ती काढली. त्याआधी ते जमिनीखाली तेल शोधण्यासाठी कंपनांचे गणित करीत असत. बेसूर झाकण्यासाठी निघालेली ती युक्ती हे गायक उघडपणे, मुद्दाम, अती करून वापरतात. आमच्या कानांना तो आवाज पहिल्यांदा खुपला. तिसऱ्या वेळी आम्हांला स्टेशनावरच्या ध्वनिक्षेपकाची आठवण झाली, आणि मग तो खुपेनासा झाला. स्टेशनामागे वाढलेल्या मुलाच्या कानात रात्रंदिवस कोणता आवाज असणार?

आता भाषा. हा मुलगा गातो ती हिंदी आहे असे तो म्हणतो. हिऱ्यांनी मढवलेली ‘हिंदी’ अशी अक्षरे गळ्यात घालून तो टीव्हीवर मिरवला. पण ही हिंदी लखनौच्या माणसाने ऐकली तर तो कान धरील. त्याच्या एका गाण्याचे नाव आहे ‘बस्ती का हस्ती’. हिंदीत हस्ती स्त्रीलिंगी. नियमाने ‘बस्ती की हस्ती’ हवे. ह्याने ‘का’ लावला. का लावला, तर पुण्याच्या कॅम्पात, खडकीत, स्टेशनामागे, आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीतही जी हिंदी बोलतात, तिला लिंगाची फार फिकीर नाही. माणूस पुरुष आहे ना, मग ‘का’. शेजारी मराठी बोलणारा आहे, पलीकडे तेलुगू बोलणारा आहे, घरात दखनीचा वारसा आहे. अशा जागी व्याकरणाची टोके झिजून गुळगुळीत होतात. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’ ह्या हिंदी कार्यक्रमाचे सोळावे पर्व त्याने जिंकले, आणि दुसरा आला तो आपला अमरावतीचा शिव ठाकरे. त्या काही महिन्यांत ‘शेमडी’ हा त्याचा शब्द देशभर झाला. हा आपला शेंबडी! आपल्या आयांनी पदराने नाक पुसताना वापरलेला शब्द दिल्ली-लखनौच्या पोरांनी उचलला. मराठी शब्द हिंदीत रुजावेत म्हणून परिषदांनी किती ठराव केले असतील ते असोत. हे काम ठरावाशिवाय झाले. आणि ‘तडीपार’ हा शब्दही त्याने कोशातून उचललेला नाही. तो पोलीस चौकीच्या फळ्यावरून, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून, गल्लीतल्या कुजबुजीतून आलेला, आपल्या सरकारी मराठीचा शब्द आहे.

इथे काही श्रोते म्हणतील, हे सगळे परके आहे. आमचे उत्तर असे की तालावर झरझर बोलणे हे आपल्याला परके असण्याचे काहीच कारण नाही. अठराव्या शतकात अमृतरायाचे कटाव कीर्तनांत दणाणत होते. यमकामागून यमक, अनुप्रासामागून अनुप्रास, श्वास घ्यायला जागा नाही. एकाने दुसऱ्याला गाण्यातून डिवचणे, दुसऱ्याने पुढच्या फडात उत्तर देणे, ह्याला रॅपवाले वेगळे नाव देतात. आपल्याकडे त्याचे नाव सवाल-जवाब. शक्ती श्रेष्ठ म्हणणारे कलगीवाले आणि शिव श्रेष्ठ म्हणणारे तुरेवाले रात्र रात्र भांडत. २०१८ साली रफ्तार आणि एमीवे ह्या दोन रॅपरांचे भांडण गाण्यांतून झाले तेव्हा देशातली पोरे ज्या उत्साहाने बाजू घेत होती, तो उत्साह होनाजी बाळा आणि सगनभाऊ ह्यांच्या पक्षपात्यांना अपरिचित वाटला नसता.

आणि सगनभाऊचे नाव निघालेच आहे तर थोडे थांबू. सगनभाऊ जेजुरीचा. म्हणजे इथून काही फार दूरचा नव्हे. मुसलमान, धंद्याने शिकलगार; तलवारी-सुऱ्यांना धार लावणारा. पेशवाईच्या अखेरीस त्याच्या लावण्या पुण्यात गाजल्या. आज आपण त्याला मराठी शाहिरांच्या पहिल्या रांगेत बसवतो आणि अभ्यासक्रमात नेमतो. परंतु त्याच्या हयातीत, सभ्य वाड्यांतल्या किती जणांनी आपल्या मुलाला त्याच्या फडाला बसू दिले असेल? सोलापूरचा राम जोशी चांगला व्युत्पन्न ब्राह्मण. तमाशाच्या नादाला लागला म्हणून घराबाहेर काढला गेला, असे सांगतात. रेठऱ्याचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात जाऊन पठ्ठे बापूराव झाला आणि जातीच्या वेशीबाहेर राहिला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, आणि पुढे सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा त्यांनी त्याच तमाशाला लोकनाट्य म्हटले. अमर शेख बार्शीचे. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीला त्यांचा मुलूख लागतो. ही सारी माणसे कुठल्या ना कुठल्या हद्दीतून बाहेर काढलेली होती, आणि आपण त्यांना परत आणले ते बहुधा त्यांच्या मृत्यूनंतर.

म्हणून हा तरुण सगनभाऊ आहे, असे आम्ही म्हणत आहोत काय? मुळीच नाही. पहिल्याच गीतसंचाने कोणी सगनभाऊ होत नसतो, आणि ‘तडीपार’मध्ये दोष पुष्कळ आहेत. फुशारकी फार आहे. मी कोण, माझ्यामागे कोण, माझे बूट केवढ्याचे, हे ऐकून कान किटतो. शिव्या आहेत, आणि त्यांपैकी कित्येक केवळ यमकाची जागा भरायला आल्या आहेत. ज्या शिवीवाचून चालले असते ती शिवी कवितेत वाईट, मग ती सभ्य असो वा असभ्य. सर्वांत अधिक आम्हांला खटकते ते स्त्रियांविषयीचे बोलणे. प्रेमात फसलेला मुलगा रडतो तोपर्यंत आम्ही त्याच्याबरोबर असतो. तो रडणे सोडून तिला घालूनपाडून बोलू लागला की आम्ही उठतो. लावणीने निदान बाईच्या तोंडी शब्द दिले होते, मग ते पुरुषाने लिहिलेले का असेनात. ह्या गाण्यांत बाईला बोलायला जागाच नाही. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत बारीला उभी राहणारी स्त्री समोरच्या बैठकीला जे सुनावते, त्यातला एक जवाब तरी ह्या मुलाला कोणी ऐकवायला हवा होता.

मार्च २०२३ मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम चालू असताना काही संघटनांचे कार्यकर्ते शिव्यांचा निषेध म्हणून मंचावर गेले आणि कार्यक्रम बंद पडला. निषेधाचे कारण आम्हांला समजते, वर सांगितलेच. पण मंचावर चढून गाणे बंद करणे म्हणजे समीक्षा नव्हे. तीही एक तडीपारीच, आणि तिला नोटीस, सुनावणी, अपील, काहीच नाही. पोलिसांच्या कलमाला निदान दोन वर्षांची मुदत आहे.

दोष सांगून झाल्यावर गुणाचे एक वाक्य बोललो तर पक्षपात होणार नाही. ह्या गीतसंचात दया मागितलेली नाही. गरिबीविषयी लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले, पण त्यांतल्या बऱ्याच जणांचा एक डोळा वाचकाच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे असतो. इथे तो नाही. वस्तीत जे घडते ते तो असे सांगतो की जणू आपणही तिथलेच आहोत आणि आपल्याला ते ठाऊक आहे. भीती, नमाज, आईची काळजी, मित्राचा दगा, पोलिसांची गाडी, हे सगळे एका दमात, वर-खाली न लावता. ‘तडीपार’च्या आधी त्याचे ‘अस्तगफिरुल्ला’ नावाचे गाणे गाजले होते. त्या अरबी शब्दाचा अर्थ ‘अल्लाची क्षमा मागतो’. क्षमा त्याने देवाकडे मागितली, आणि पुढच्या संचाला नाव दिले ते माणसांनी दिलेल्या शिक्षेचे. ह्या दोन नावांचा क्रम आम्हांला विचार करायला लावतो.

मराठीत असे कोणी नाही काय? आहेत. ‘स्वदेशी’ ह्या मंडळींनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी वारल्यांचे गाणे केले, त्यांच्यातला अमरावतीकडचा ‘सौरभ’ वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो. २०२४ साली ‘तांबडी चामडी’ लग्नालग्नांत वाजले. ते नाचायला चांगले, त्यावर व्याख्यान देण्याची गरज नाही. पण घोडनदीच्या आणि भीमेच्या काठची बोली अजून ह्या तालावर यायची आहे.

आता त्या मुलाकडे परत येतो. थोरल्या भावाची मुदत संपली, तो घरी आला. शनिवारचा डबा बंद झाला. आम्ही एकदा त्याला विचारले, हा ‘तडीपार’ तुम्ही ऐकलात का? तो म्हणाला, “धाकट्यानं लावलं होतं. मोठा आवाज लय. पलीकडं होतो तवा रातच्याला आवाज यायचा तो दौंडच्या गाड्यांचा. शिट्टी वळखायची सवय लागली व्हती, कोणती मनमाडची आन् कोणती सोलापूरची.” एवढे बोलून तो कामाला निघून गेला. धाकटा तिथेच होता. त्याने पाटीवर लिहावे तसे मोबाईलवर काहीतरी टिपले. आम्ही विचारले नाही.

पंधरा दिवसांनी त्याने आम्हांला चार पाने आणून दिली. ताल त्याने ताटलीवर बोटांनी धरून दाखवला. शब्द मराठी, दौंडचे. त्यात भीमेचा पूल आहे, डबा आहे, शाळेतली हाक आहे, आणि शिट्ट्या आहेत. एकही शिवी नाही. त्याबद्दल आम्ही त्याला काही सांगितले नव्हते, त्याला लागली नाही एवढेच. दोष आहेत. दुसऱ्या पानावर तो उगाच स्टॅनसारखा बूट घालून चालू लागतो, आणि त्याच्या पायात तर चपला आहेत. ते त्याला दाखवले. त्याने ते चार ओळींनी कमी केले, सगळे काढले नाही. बरोबर केले, लिहिणारा तो आहे.

दौंडच्या व्याख्यानात हा मजकूर त्याच्याकडून म्हणवून घ्यावा अशी आमची इच्छा होती. तेथील व्यवस्थापकांपैकी एकांनी प्रेमाने पण ठामपणे सांगितले की व्याख्यानमालेत व्याख्यान होते, आणि शिवाय त्या घराविषयी गावात बोलले जाते. आम्ही हट्ट धरला नाही. हट्ट धरायला हवा होता असे परतताना गाडीत वाटले, आणि ती रात्र काही चांगली गेली नाही. तासभर आम्ही व्यासपीठावरून सगनभाऊ सांगितला, राम जोशी सांगितला, आणि खाली तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलाला वर बोलावले नाही.

शिरूरच्या मंडळींपुढे आम्ही हीच गोष्ट आधीच मांडली. त्यांची आपसांत चर्चा झाली. ती अर्धा तास चालली असे कळते. अध्यक्षमहाराजांनी शेवटी सांगितले की तुमच्या वेळातली दहा मिनिटे तुम्ही कोणाला द्यायची ती द्या. आम्ही त्यांचे आभारी आहोत. तो दौंडहून आज दुपारीच आला आहे, त्याचा थोरला भाऊही बरोबर आहे, आणि त्यांना रात्रीच परत जायचे आहे, तेव्हा आमचे बोलणे इथे थांबवतो. ठोका धरायला त्याला एक ताटली किंवा टेबलाची रिकामी बाजू लागेल. ध्वनिक्षेपक थोडा खाली करावा, त्याची उंची आमच्याहून कमी आहे.